तान्ह्या बाळाची नजर आणि त्याच्या लक्षात काय राहतं

पळसफूल

नमस्कार मंडळी. मी नागपुरात लहान बाळांच्या विकास-तपासणीचं काम करते. आईबाबा, आजीआजोबा येतात आणि बाळाच्या नजरेबद्दल दोन प्रश्न हमखास विचारतात. "अडीच महिन्यांचा आहे, एकाच गोष्टीकडे टक लावून बघतो, हुशार निघणार ना?" आणि "पाच महिन्यांची झाली, पण नजर कुठं ठरतच नाही. लक्ष कमी आहे का?" पहिल्यात आनंद असतो, दुसऱ्यात काळजी. माझं म्हणणं असं की या वयात टक लावून बघणं ही हुशारीची खूण नाही, आणि नजर काढून घेता येणं ही खरी कमाई आहे. हे दोन वाक्यांत पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जन्मलेल्या बाळाला दिसतं, पण अंधूक. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या भाषेत अंदाजे ६/१२०. म्हणजे आपण १२० मीटरवरून जेवढं वाचू, तेवढं त्याला ६ मीटरवर यावं तेव्हा कुठं दिसेल. बऱ्यापैकी दिसतं ते २० ते ३० सेंटिमीटरवरचं. मांडीवर घेऊन पाजताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. १९७५ साली गोरेन, सार्टी आणि वू या तिघांनी जन्मून सरासरी नऊ मिनिटं झालेल्या बाळांसमोर चेहऱ्याचं चित्र काढलेली पाटी हळूहळू सरकवली. डोळे, नाक, तोंड जागच्या जागी असलं की बाळं डोळे आणि मान जास्त वळवत. तेच अवयव विस्कटून लावले की कमी. या बाळांनी तोवर जग म्हणून जे पाहिलं ते नऊ मिनिटांचं!

बोलता न येणाऱ्या जिवाला काय दिसतं हे कळतं कसं? याची वाट रॉबर्ट फँट्झ या अमेरिकन संशोधकानं क्लीव्हलंडमध्ये घालून दिली. बाळाला पेटीखाली उताणं निजवायचं, वर दोन चित्रं लावायची आणि मधल्या बारीक भोकाला डोळा लावून बसायचं. ज्या चित्राकडे बाळ बघतंय त्याचं प्रतिबिंब त्याच्या डोळ्याच्या बाहुलीवर उमटतं. किती वेळ उमटलं ते मोजायचं. १९६३ मध्ये त्यानं दाखवलं की पाच दिवसांच्या आतली बाळंसुद्धा कोऱ्या रंगीत चकतीपेक्षा नक्षीकडे जास्त वेळ बघतात. १९६४ मध्ये तो एक पाऊल पुढे गेला. एक चित्र तेच ठेवलं आणि शेजारचं दर वेळी बदललं. दोन महिन्यांपुढच्या बाळांचं जुन्या चित्राकडे बघणं हळूहळू कमी झालं. जुनं जुनं वाटायला ते आधी लक्षात राहायला हवं ना? त्यामुळे नजरेची ही मोजणी बघता बघता स्मरणशक्तीची मोजणी झाली. पुढच्या साठ वर्षांचं बहुतेक काम याच पायावर उभं आहे.

आता टक लावण्याबद्दल. साधारण पहिल्या महिन्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत बऱ्याच बाळांची नजर चिकटते. एखाद्या ठळक गोष्टीवर गेली की निघत नाही. तपासायची रीत साधी आहे. समोर एक चित्र, मग बाजूला दुसरं. पहिलं चित्र नाहीसं केलं तर दोन महिन्यांचं बाळ दुसऱ्याकडे सहज वळतं. पहिलं तसंच ठेवलं तर ते अडकून पडतं, वळायला फार वेळ लावतं, कधी वळतच नाही. चौथ्या महिन्याच्या आसपास ही अडचण बरीच ओसरते. मार्क जॉन्सन, मायकेल पोस्नर आणि मेरी रॉथबार्ट यांनी १९९१ मध्ये वेगवेगळ्या महिन्यांच्या बाळांत हा बदल मोजला. यामागचं स्पष्टीकरण असं दिलं जातं की डोळे हलवणारी जुनी, खोलवरची यंत्रणा जन्मतःच चालू असते. तिला "आता सोड, तिकडे बघ" असं सांगणारे मेंदूच्या वरच्या थरातले भाग मागाहून जोडले जातात. म्हणजे दहा आठवड्यांचं बाळ पंख्याकडे बघत बसलंय ते बहुतेक वेळा त्याला पंखा आवडला म्हणून नाही. सुटता येत नाही म्हणून.

आणि पाच महिन्यांची मुलगी जी भरभर इकडून तिकडे बघते, ती सुटायला शिकली आहे. जॉन कोलोंबो यांच्या मापनात दिसतं की एका दमात बघण्याचा वेळ पहिले दोन-अडीच महिने वाढतो आणि तिथून सहाव्या महिन्यापर्यंत उतरत जातो. चार महिन्यांच्या ज्या बाळांच्या नजरा आखूड असतात ती सरासरीनं चित्र लवकर ओळखतात, हेही त्यांच्याच गटानं दाखवलं. सरासरीनं, हं. तुमच्या एका बाळाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही आणि मी कुणाला सांगू देणार नाही.

नुसते डोळे तिकडे असणं आणि खरंच लक्ष असणं यातही फरक आहे. जॉन रिचर्ड्स यांनी बाळांच्या छातीला इलेक्ट्रोड लावून पाहिलं. लक्ष एकवटलं की हृदयाचे ठोके मंदावतात, आणि तेवढ्या वेळात बाजूला काही चमकलं तरी बाळ सहसा वळत नाही. ठोके परत मूळ गतीला आले की डोळे तिथंच असले तरी लक्ष सुटलेलं असतं.

आता लक्षात किती राहतं? इथं मी वर्किंग मेमरीबद्दल बोलते आहे, म्हणजे वस्तू समोरून गेल्यावर काही क्षण मनात धरून ठेवणं. २००३ मध्ये शॅनन रॉस-शीही, लिसा ओक्स आणि स्टीव्हन लक यांनी बाळांसमोर दोन पडदे ठेवले. दोन्हींवर रंगीत चौकोन उघडझाप करत. एकीकडे रंग तेच, दुसरीकडे प्रत्येक वेळी एका चौकोनाचा रंग बदललेला. बदल कळण्यासाठी मधल्या कोऱ्या क्षणात आधीचे रंग धरून ठेवावे लागतात. चार आणि साडेसहा महिन्यांच्या बाळांना एकच चौकोन असेल तेव्हा बदल कळला, जास्त झाले की नाही. दहा आणि तेरा महिन्यांच्या बाळांना चार चौकोनांपर्यंत कळला. मोठ्या माणसांचीही अशा कामात धाव तीन-चारच्या आसपासच असते. म्हणजे साडेसहा ते दहा महिने या एवढ्याशा काळात केवढी मजल!

झुझा काल्डी आणि अ‍ॅलन लेस्ली यांनी वस्तू पडद्यामागे लपवून बघितलं. नऊ महिन्यांच्या बाळांना दोन वस्तू कुठं कुठं आहेत ते आठवलं. साडेसहा महिन्यांच्यांना फक्त शेवटी लपवलेली. एकच ओळ मावेल एवढी पाटी, नवी ओळ लिहिली की जुनी पुसली जाते.

म्हणून म्हणते, चार-पाच महिन्यांच्या बाळापुढे पटापट चित्रांची कार्डं फिरवून काही साठत नाही. एक वस्तू द्या. बाळाला ती बघू द्या. तोंड फिरवलं की थांबा. पुन्हा वळलं की पुन्हा दाखवा. काही विचारायचं असेल तर नक्की विचारा, मी येत राहीन.

संत्राबर्फी

ताई, तुम्ही माझ्याच घरात बसून लिहिल्यासारखं वाटलं. माझा दहा आठवड्यांचा आहे. कूलरच्या जाळीकडे बघत राहतो. आधी छान शांत असतो, मग कपाळाला आठ्या, मग ओठ काढतो आणि रडायलाच लागतो, पण डोळे जाळीवरच. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी आपली रोज घाबरते.

पळसफूल

संत्राबर्फी, घाबरू नका. तुम्ही जे वर्णन केलंय ते या वयातलं ओळखीचं चित्र आहे. जाळी म्हणजे काळ्या-पांढऱ्या रेघाच रेघा, त्याच्या डोळ्यांना जगातली सगळ्यात ठळक गोष्ट. नजर अडकते, तो दमतो, सुटता येत नाही म्हणून रडतो. अशा वेळी खुळखुळा वाजवून नवीन आकर्षण दाखवू नका, त्यानं भर पडते. त्याला उचलून खांद्यावर घ्या किंवा कूस बदला. जाळी नजरेआड झाली की काम झालं. महिना-दीड महिन्यात हे आपोआप कमी व्हायला हवं.

त्याच्याशी बोलताना तुमच्या चेहऱ्याकडे बघतो का? हसलात तर हसतो का? अडीच महिन्यांना हे मला जाळीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

संत्राबर्फी

हो! परवापासून बोळक्या तोंडानं हसतो. त्याच्या बाबांना बघून तर जास्तच.

महालची_आजी

पळसफूल बाई, लय चांगलं लिहिलं. आमच्या वेळी असं कोणी समजावून सांगे नाही. माझ्या सासूबाई पाळण्यावर चिमणाळं बांधत. लाकडाच्या रंगीत चिमण्या अन् खाली गोंडे. लेकरू पाय झाडे तसा पाळणा हाले अन् चिमण्या नाचत. मग लेकरू थांबे, वर पाहे, अन् पुन्हा जोरानं पाय झाडे. सासूबाई म्हणत, "त्याले समजून राहिलं का हे मीच करून राहिलो." मले तेव्हा वाटे, एवढ्याशा जिवाले काय समजते? तुमच्या शास्त्रात यावर काही आहे काय?

पळसफूल

आजी, तुमच्या सासूबाईंची नजर फार पक्की होती. नेमकं हेच कॅरोलिन रोवी-कोलियर यांनी मांडलं, आणि त्यांनाही ते स्वतःच्या तान्ह्या मुलाला रमवताना सुचलं. टांगत्या खेळण्याची फीत बाळाच्या घोट्याला बांधायची. पाय झाडला की खेळणं हलतं. थोड्याच वेळात बाळ पाय जास्त झाडू लागतं. मग फीत सोडून, काही दिवसांनी तेच खेळणं पुन्हा वर टांगायचं. आठवत असेल तर बाळ बघताक्षणी पाय झाडतं. दोन महिन्यांच्या बाळांना एक ते तीन दिवस, तीन महिन्यांच्यांना आठवडाभर, सहा महिन्यांच्यांना दोन आठवडे आठवलं.

एक खुलासा करते, कारण इथं गल्लत होते. ही दिवसांची आठवण म्हणजे वर लिहिलेली वर्किंग मेमरी नाही. चिमण्या आठवडाभर लक्षात ठेवणाऱ्या बाळाला दुपट्याखाली आत्ता लपवलेला खुळखुळा दोन सेकंदांत विसरायला होतो. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

आणि सगळ्यांना हात जोडून विनंती, घरी बाळाच्या पायाला फीत किंवा दोरी बांधून हे करून बघू नका. फास बसतो. ते प्रयोग माणूस शेजारी उभा ठेवून झालेत.

महालची_आजी

बरोबर. दोरी नाहीच बांधाची. अन् बुवा-कुक? आमची नात सात महिन्यांची आहे. पदर तोंडावर घेतला का तिचा श्वास थांबते, अन् कुक केलं का खिदळते. मी थोडा उशीर केला का पदराकडे पाहतच राहते.

पळसफूल

आजी, तो तुमचा 'थोडा उशीर' हीच या वयातली उत्तम कसरत आहे. पदरामागे तुम्ही आहात हे तिला तेवढा वेळ धरून ठेवावं लागतं. ती रडवेली व्हायच्या आत कुक करायचं, आणि ते तुम्हाला उपजत कळतं. चालू ठेवा.

गणितवेडा

लेख आवडला, पण एक शंका राहते. बाळ अमुककडे जास्त वेळ बघतं, यावरून "त्याला फरक कळला", "त्याला आठवलं" इथपर्यंत जायचं ही उडी मोठी नाही का? डाव्या बाजूला उजेड जास्त असेल. बाळाला झोप आली असेल. शिवाय काही प्रयोगांत बाळ नव्याकडे जास्त बघतं, काहींत ओळखीच्याकडे. दोन्ही निकालांचा अर्थ "आठवलं" असाच लावायचा असेल तर तो निकष राहिला कुठं?

पळसफूल

योग्य जागी बोट ठेवलंत. बाजू बदलून बघतात, चित्रं अदलाबदल करतात, नोंद करणाऱ्याला कुठं काय चालू आहे हे कळू देत नाहीत. उजेडाचा प्रश्न त्यानं सुटतो. झोपेचा पूर्ण सुटत नाही, बरीच बाळं प्रयोगातून अर्ध्यावर वगळावी लागतात आणि हा या क्षेत्राचा कायमचा दुबळेपणा आहे. नवं की ओळखीचं याबद्दल साधारण असं आढळतं की बाळ लहान, चित्र अवघड किंवा बघायला वेळ कमी मिळालेला असला तर ते ओळखीच्याकडे झुकतं, आणि पुरेसं बघून झालं की नव्याकडे. त्यामुळे निकाल कुठल्या दिशेनं येईल हे आधी लिहून ठेवलं नसेल तर मीही त्याकडे सावधपणेच बघते. म्हणूनच अलीकडे अनेक देशांतल्या प्रयोगशाळा एकत्र येऊन एकच प्रयोग करतात. 'मेनी बेबीज' हा असाच उपक्रम. लहान बाळांशी आपण ज्या लाडिक सुरात बोलतो तो सूर त्यांना जास्त आवडतो का, हे त्यांनी तपासलं आणि २०२० मध्ये निकाल छापला. आवड निघाली, पण आधीच्या अभ्यासांतून वाटत होती त्याहून कमी. मला हे फार आश्वासक वाटतं.

रंगीत चौकोनांच्या प्रयोगाबद्दल माझा भरवसा जास्त आहे, कारण तिथं 'जास्त बघितलं' एवढंच नाही. चौकोन वाढवले की कुठं तुटतं ते वयाप्रमाणे सरकतं. उजेड किंवा झोप यांनी असा जिना तयार होत नाही.

नवाबाबा

माझी मुलगी नऊ महिन्यांची. तुम्ही आजींना म्हणालात ते दुपट्याखाली लपवायचं, ते मी रोज करतो. तान्हा पोळ्याला आणलेला लाकडी नंदी आहे, तो तिचा जीव की प्राण. लगेच काढते. मग तिची स्मृती चांगली म्हणायची?

पळसफूल

नवाबाबा, एकच दुपटं असेल तर तिला जागा आठवावी लागतच नाही, दिसेल ते दुपटं ओढलं की झालं. दोन दुपटी शेजारी पसरा. नंदी डावीकडे लपवा, तिला काढू द्या, असं काही वेळा. मग तिच्या डोळ्यांदेखत उजवीकडे लपवा आणि लगेच घेऊ देऊ नका, तिचे हात हळूच धरून मनात पाच अंक मोजा. काय होतं ते इथं लिहा. आणि नंदीचा रंग निघत नाही ना, चाकं सुटत नाहीत ना, ते आधी बघा. तोंडात जाणार आहेच.

नवाबाबा

केलं. डावीकडून पटापट काढला. मग उजवीकडे लपवला. ती अगदी नीट बघत होती. हात धरून पाच मोजले, सोडले, आणि तिनं डावीकडचं दुपटं ओढलं! खाली काहीच नाही. गोंधळली, दुपटं उलटंपालटं केलं, चटईवर हात फिरवला. पण गंमत म्हणजे ओढताना तिची नजर उजवीकडे होती. हात डावीकडे, डोळे उजवीकडे. मग मी हात न धरता, न मोजता केलं, तेव्हा बरोबर उजवीकडून काढला. पुन्हा मोजून केलं तेव्हा मध्येच कुकरची शिटी झाली, तिनं स्वयंपाकघराकडे बघितलं आणि परत वळल्यावर नंदीचं नावच नाही.

पळसफूल

इतकी बारीक नोंद! यात पुस्तकातलं जवळपास सगळं आलं. ही चूक झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं आपल्या स्वतःच्या मुलांत टिपली होती. साधारण आठ ते बारा महिन्यांत ती दिसते. अ‍ॅडेल डायमंड यांनी १९८५ मध्ये २५ बाळांना सातव्या महिन्याच्या सुमारापासून वर्षाचे होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी तपासलं. किती सेकंद थांबवलं की चूक होते, हे मोजलं. साडेसात महिन्यांना दोन सेकंदही पुरतात. दर महिन्याला साधारण दोन सेकंदांची भर पडत जाते आणि वर्षाच्या बाळाला चुकवायला दहा सेकंदांच्या वर थांबवावं लागतं. तुम्ही न थांबता केलंत तेव्हा तिला आलं, पाच मोजल्यावर चुकली, हे त्या वयाला धरूनच आहे.

डोळे उजवीकडे आणि हात डावीकडे, हे डायमंड यांनीही नोंदवलं आहे. म्हणजे काही आठवण शिल्लक होती, पण आधी फळलेली हाताची सवय तिला थांबवता आली नाही. लक्षात धरणं आणि सवय आवरणं या दोन्हींसाठी कपाळामागचा मेंदूचा भाग लागतो. तो भाग काढलेल्या माकडांनी अगदी हीच चूक केली, हे डायमंड आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक यांनी १९८९ मध्ये दाखवलं.

कुकरची शिटी मात्र मला सगळ्यात मोलाची वाटली. नजर जागेवर टिकली की आठवण टिकते. नजर ओढली गेली की आठवण जाते. या वयात लक्ष आणि स्मृती एकमेकींचा हात धरून चालतात, आणि म्हणूनच बाळ एखाद्या वस्तूशी खेळत असताना मागे टीव्ही चालू ठेवू नका असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते.

गणितवेडा

नंदीच्या प्रयोगावर पुरवणी. १९९९ मध्ये लिंडा स्मिथ, एस्थर थेलन आणि सहकाऱ्यांनी डावीकडे लपवताना बाळाला बसवलं आणि उजवीकडे लपवायच्या वेळी उभं केलं. चूक कमी झाली. त्यांचं म्हणणं, हा स्मृतीपेक्षा शरीराच्या सवयीचा प्रश्न आहे. आणि २००८ मध्ये हंगेरीतल्या योझेफ टोपाल यांच्या गटानं लपवणाऱ्यानं बाळाकडे न बघता, न बोलता लपवलं तर चूक कमी होते असं दाखवलं. म्हणजे "बघ हं बाळा, इथं ठेवते हं" या आपल्या लाडानंच बाळाला वाटतं की वस्तूची जागा डावीकडेच असते, असं शिकवलं जातंय.

पळसफूल

दोन्ही अभ्यास खरे आहेत, आणि दोन्ही मला पटतात. एका चुकीमागे एकच कारण असावं असा आग्रह मी धरत नाही. तरी थांबवण्याचा वेळ वाढवला की चूक वाढते, हे स्मृती बाजूला ठेवून समजावता येत नाही.

रात्रपाळी

नवजात शिशू अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. वाचणाऱ्यांत लवकर जन्मलेल्या बाळांचे पालक असतील, त्यांच्यासाठी. वर दिलेले सगळे महिने दिवस भरून जन्मलेल्या बाळांचे आहेत. तुमचं बाळ ३२ आठवड्यांना झालं असेल तर ते आठ आठवडे आधी आलं. आज पाच महिन्यांचं असेल तर नजर, हसू, मान धरणं सगळं तीन महिन्यांच्या हिशोबानं बघा. नाहीतर उगाच जीव टांगणीला लागतो.

दुसरं, आणि हे कृपा करून टाळू नका. ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मानंतर ३० दिवसांच्या आत डोळ्याच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. बाहेरून डोळे सुंदर दिसतात, बाळ छान दूध पितं, आणि आत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतात. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन झालं तर दृष्टी वाचते. उशीर झाला तर हातात काही राहत नाही. घरी जाताना मिळालेल्या कार्डावर तारीख लिहिलेली असते. "ऊन फार आहे, पुढच्या महिन्यात येऊ" असं म्हणून राहून गेलेली बाळं मी पाहिली आहेत. मे महिन्याचं ऊन मलाही माहीत आहे, तरी या.

पळसफूल

रात्रपाळी, मनापासून आभार. हे मुख्य लेखातच यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. त्याला जोडून: तीन महिने पूर्ण झाले (लवकरच्या बाळांनी हिशोब करून) आणि बाळ चेहऱ्याकडे बघत नाही, हळू सरकणाऱ्या वस्तूमागे डोळे नेत नाही, डोळे सतत थरथरतात, चार महिन्यांनंतरही तिरळेपणा दिसतो, फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक येते. यांतलं काहीही असेल तर थांबू नका, धाग्यावर विचारत बसू नका. नागपुरातली मेडिकल, मेयो, एम्स ही रुग्णालयं, तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, जिथं पोचता येईल तिथं दाखवा. जन्मतःच मोतीबिंदू असेल तर पहिल्या काही आठवड्यांतली शस्त्रक्रिया आणि वर्षानंतरची शस्त्रक्रिया यांत बाळाच्या दृष्टीचा फार मोठा फरक पडतो, कारण बघण्याचा अनुभव मिळाल्याशिवाय मेंदूची दृष्टीची जोडणी होत नाही. ह्युबेल आणि विझेल यांना १९८१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

आणि काजळ नको. घरचं असलं तरी नको.

कामठीरोड

आमच्याकडे घरात मराठी, सांभाळणाऱ्या ताई हिंदी बोलतात, शेजारी तेलुगू. मुलगा आठ महिन्यांचा, बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडेच बघतो. नेटवर वाचून धास्ती घेतली आहे. डोळ्यांत बघत नाही म्हणजे काहीतरी आहे का?

पळसफूल

नुसतं यावरून अजिबात नाही. लेव्कोविच आणि हॅन्सन-टिफ्ट यांनी २०१२ मध्ये दाखवलं की चार महिन्यांची बाळं बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे जास्त बघतात आणि आठ महिन्यांची तोंडाकडे. बडबड सुरू होण्याचा हा काळ, आवाज तोंडातून कसा निघतो हे ती बघत असतात. २०१५ मध्ये स्पेनमधल्या दोन भाषांच्या घरांतल्या बाळांवर काम झालं, ती एका भाषेच्या बाळांपेक्षा तोंडाकडे जास्त बघतात असं निघालं. तुमच्या घरात तर तीन भाषा आहेत! नावानं हाक मारली की वळतो का, हसण्याला हसून उत्तर देतो का, उचलून घ्या म्हणून हात पुढे करतो का, हे बघा. ते असेल तर निश्चिंत राहा.

संत्राबर्फी

ताई, एक राहिलं. वहिनीनं तीन महिन्यांपासूनच्या बाळांसाठी एका वर्गाची जाहिरात पाठवली आहे. दर सेकंदाला एक कार्ड, "मेंदूचा उजवा भाग जागृत होतो" वगैरे. फी बरीच आहे. आणि बाळाचे बाबा पुण्याला असतात, रोज व्हिडिओ कॉल करतात, तो चालेल का?

पळसफूल

कार्डांचं ऐका. तुमच्या बाळाची नजर आत्ता अडकते आहे, आणि सहा महिन्यांपर्यंत एका वेळी एकच रंगीत चौकोन मनात धरता येतो असं मोजलं गेलंय. त्याला दर सेकंदाला नवीन कार्ड म्हणजे काय पोचणार? थोड्या मोठ्या बाळांसाठीच्या शब्द शिकवणाऱ्या व्हिडिओंची ज्युडी डीलोश यांनी २०१० मध्ये परीक्षा घेतली. १२ ते १८ महिन्यांच्या मुलांनी महिनाभर घरी व्हिडिओ पाहिले, तरी न पाहिलेल्यांपेक्षा जास्त शब्द आले नाहीत. सगळ्यात जास्त शब्द ज्यांचे आईवडील रोजच्या व्यवहारात ते शब्द बोलत होते त्यांना आले. फीचे पैसे ठेवा. जाहिरातीतला उजव्या भागाचा दावा मला कुठल्याही अभ्यासात सापडलेला नाही, आणि पहिलटकरणीच्या काळजीवर धंदा होतो याचा मला मनस्वी राग येतो.

व्हिडिओ कॉल जरूर करा. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको असं भारतीय बालरोग अकादमी सांगते, पण घरच्या माणसांशी अधूनमधून बोलण्याला तिचाही विरोध नाही. फोन बाळाच्या हातात न देता तुम्ही मांडीवर घेऊन बसा, म्हणजे बाबा हसले की तुम्हीही हसाल आणि त्याला दोन्ही चेहरे मिळतील.

नवाबाबा

आता आमच्याकडे नवा खेळ. नंदी दोन आहेत, एक माझ्या पुतण्याचा. दोन्ही लपवले तर दोन्ही शोधेल का?

गणितवेडा

त्यावर फायगेन्सन, केरी आणि हाउझर यांचा २००२ चा बिस्किटांचा प्रयोग बघा. दोन डबे, एकेक बिस्किट बाळासमोर आत टाकायचं आणि बाळाला रांगत जाऊ द्यायचं. दहा-बारा महिन्यांची बाळं एक-दोनमध्ये दोनकडे जातात, दोन-तीनमध्ये तीनकडे. दोन-चार किंवा तीन-चार झालं की कुठंही जातात. पुढे २००५ मध्ये एक विरुद्ध चार करून पाहिलं, तिथंही अडखळली. चार म्हटलं की हिशोबच बंद! तीनपर्यंतची प्रत्येक वस्तू वेगळी धरता येते, त्यापुढे धरताच येत नाही, असा त्याचा अर्थ लावतात.

पळसफूल

त्यामुळे दोन नंदी दहाव्या महिन्याला जमावेत, नवाबाबा. एक काढल्यावर ती दुपट्याखाली पुन्हा हात घालते का ते बघा. पहिला मिळाल्यावर लगेच तिच्या हातातून काढून बाजूला ठेवा, नाहीतर त्याच्याशीच खेळत बसेल आणि तुम्हाला कळणार नाही.

रात्रपाळी

घरी कुणी तो डब्यांचा प्रयोग करणार असेल तर मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, द्राक्षं अजिबात वापरू नका. या वयात घशात अडकतात आणि आमच्याकडे रात्री अशी बाळं येतात. तोंडात न मावणाऱ्या मोठ्या वाट्या नाहीतर ठोकळे घ्या, आणि प्रयोग संपला की सगळं उचलून ठेवा.